नऊ नियमांचा फोटो

फोटोचे नियम एकूण नऊ होते. ठमीचा एकच होता.

पासपोर्ट कार्यालयाच्या छापील पत्रकात ते नऊ नियम ओळीने दिले होते. डोळे उघडे हवेत. तोंड बंद हवं. हसू नको, रडू नको. मान सरळ. दोन्ही कान दिसले पाहिजेत. हातात काही नको आणि मागे कुणी नको. हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा किमान बत्तीस मिलिमीटर भरला पाहिजे. काढलेल्या फोटोत नंतर कोणताही फेरफार करायचा नाही. आणि नववा, ज्याने पहिले आठही जीवघेणे केले: वरील सर्व नियम लहान मुलांनाही लागू आहेत.

ठमीचा नियम कुठे छापलेला नव्हता, पण घरात सगळ्यांना पाठ होता. तिला काहीही करायला सांगितलं की ती समोरच्यावर बोट रोखायची आणि म्हणायची, "आधी तू." दूध पी म्हटलं, आधी तू. टोपी घाल म्हटलं, आधी तू. तिला तीन वर्षं पूर्ण व्हायला दीड महिना होता, आणि एवढ्याशा आयुष्यात तिच्या बाबांनी खोकला नसताना खोकल्याच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या आणि ज्यात हात मावत नव्हता असा तिचा एक लोकरी हातमोजा एका कानावर चढवून अख्खी संध्याकाळ काढली होती. लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनाही सूट मिळाली नाही. त्यांनी सुई नसलेली सिरिंज स्वतःच्या दंडाला टेकवली आणि पोरीला गंमत वाटावी म्हणून "आई गं" असं कण्हून दाखवलं. मग ठमीने दंड पुढे केला, टोचून घेतलं, आणि हुबेहूब त्याच सुरात, तेवढंच लांबवून "आई गं" म्हटलं. रडली मात्र नाही. त्याचा अर्थ तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. आला असता तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. बाजारात ते कोपऱ्यावर दिसले की दुकानदार पारडी पुसायला घेत. त्यांच्या पेटीत पितळी प्रमाण वजनं मखमलीत बसवलेली असत. ती बोटांनी उचलायची नसतात, चिमट्याने उचलायची असतात, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. इतकं नाजूक काम बिनचूक करणाऱ्या माणसाला पावणेतेरा किलोचं एक वजन रोज सकाळी पलंगावरून बाथरूमपर्यंत नेता येत नसे. वजन चिमट्यात येत नव्हतं आणि मिठीत थांबत नव्हतं.

फोटो लागणार होता तो आजीसाठी. बाबांची आई समुद्रापलीकडे, बाबांच्या ताईकडे राहत होती आणि तिने नातीला अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. आजवर ते पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत ढकललं गेलं. मग एके दिवशी आजीने स्वतः फोन केला. म्हणाली, डोळ्यांतला मधला भाग गेलाय. समोर बघितलं की माणसाच्या जागी राखाडी ठिपका दिसतो, कडेकडेचं तेवढं अजून दिसतं. डॉक्टर म्हणतात तेही फार दिवस नाही. फोनच्या पडद्यावर नात दाखवू नकोस, तिथे नुसता ठिपका बोलतो. "दिसतंय तोवर आणून दाखव," एवढं म्हणून तिने ताईची तब्येत सांगितली, हवा सांगितली आणि फोन ठेवला.

बाबांनी ठमीच्या वाढदिवसाची तिकिटं काढली आणि कॅलेंडरसमोर उभं राहून उलटी गणती केली. पासपोर्टला दहा कामाचे दिवस. मध्ये सुट्ट्यांचे सलग चार दिवस कार्यालय बंद. म्हणजे सुट्ट्यांच्या आधीच्या शुक्रवारी अर्ज आत गेलाच पाहिजे. हातात तीन आठवडे होते आणि काढायचा होता एक फोटो. बाबांना इतकी ऐसपैस मुदत नोकरीतही कधी मिळाली नव्हती.

पहिली चूक म्हणजे पत्रक त्यांनी जिन्यात उभं राहून वाचलं. जिन्यात वाचलेली गोष्ट खाजगी राहत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले की पूर्वी असलं काही नव्हतं, अर्जात "गालावर तीळ" असं लिहिलं की भागायचं. मग त्यांनी मूल झोपेत असताना फोटो काढण्याचा सल्ला दिला. नियम क्रमांक एक त्यांना वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, ते तेवढं तुम्ही बघा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बालवाडीत एकतीस वर्षं काढलेली होती. त्यांना हा प्रश्नच वाटला नाही. तोंडाला कुलूप लावायचं, किल्ली फेकून द्यायची. त्यांच्या वर्गात चाळीस मुलं या खेळावर गप्प बसत.

शनिवारी सकाळी खेळ झाला. नियमाप्रमाणे आधी बाबांनी ओठांशी बोटं फिरवून कुलूप लावलं आणि न दिसणारी किल्ली खिडकीतून खाली टाकली. ठमीने तसंच केलं. तोंड असं काही बंद झालं की बाबा हर्षभराने कॅमेरा आणायला धावले. कॅमेऱ्याचा सेल उतरलेला होता. तो चार्ज होईपर्यंत जेवणाची वेळ झाली, आणि ठमीने तोंड उघडलं नाही. वरण नाही, भात नाही, लाडीगोडीला दाद नाही. ती नुसती खिडकीकडे बोट दाखवत होती. किल्ली खाली होती.

बाबा खाली उतरले. त्यांचं स्वतःचं कुलूपही अजून उघडलेलं नव्हतं, आणि बोलायची सोय नव्हती, कारण ठमी वरून बघत होती. त्यामुळे त्यांना इमारतीच्या कुंड्यांमागे, गप्प, वाकून, नसलेली किल्ली शोधावी लागली. काय हरवलं म्हणून येणाजाणाऱ्यांनी विचारलं, तर ते ओठांकडे बोट दाखवत. दोनदा ते चिमटीत हवा धरून वर गेले. ठमीने नीट बघितलं आणि मान हलवली. ही ती नव्हे. तिसऱ्या खेपेला पोस्टमास्तर खाली आले, चष्मा कपाळावर चढवून कडेच्या नळापाशी वाकले, काहीतरी उचललं, फुंकर मारून पुसलं आणि वर जाऊन ठमीच्या हातावर ठेवलं. तिने ते ओठांशी फिरवलं आणि दोन वाट्या वरणभात खाल्ला. ज्या माणसाच्या शब्दावर बाजारातली चारशे दुकानं चालतात, त्याच्या चिमटीवर घरात विश्वास नव्हता. बाबांनी हे मनाला लावून घेतलं नाही असं ते स्वतः सांगतात.

यानंतर हे काम तज्ज्ञाकडे द्यायचं ठरलं. रस्त्यापलीकडे फोटोचं दुकान होतं. फोटोवाले मितभाषी आणि हसतमुख होते. हे दुसरं विशेषण पहिल्या आठवड्यापर्यंत खरं होतं.

तिथे एक उंच स्टूल होतं, मागे पांढरा पडदा. ठमी म्हणाली, आधी तू. बाबा बसले, फोटो काढून घेतला, उतरले. ठमी चढली, हात मांडीवर ठेवले, आणि झगमगाट झाला त्या क्षणी तिने डोळे घट्ट मिटले. पुन्हा बाबा, पुन्हा ठमी, पुन्हा डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी आईने सुट्टी टाकली आणि ती बसली. ठमीचे डोळे आता उघडे होते, पण चेहऱ्यावर एक समजूतदार, धीर देणारं हसू होतं, जे तीन वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर कुणी कधी पाहिलं नसेल. तिसऱ्या दिवशी काकू आल्या. त्या दिवशी ठमीची हनुवटी वर आणि नजर जरबेची आली. पोस्टमास्तर बसले त्या दिवशीच्या फोटोत तिचं तोंड उघडं होतं, जणू काही सांगता सांगता मध्येच कुणी थांबवलंय.

आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. एका काचेवरचा थेंब दुसऱ्या काचेवरच्या थेंबाशी ताडून बघणं हे तिचं रोजचं काम. दुसरा आठवडा संपताना तिने फोटोवाल्यांना सगळे फोटो पडद्यावर जोडीने लावायला सांगितले: डावीकडे मोठं माणूस, उजवीकडे ठमी. मग ती एकेक जोडी ताडून बघत गेली.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "ती चुकत नाहीये."

बाबा वाकून बघू लागले. डावीकडे त्यांचे डोळे मिटलेले होते. झगमगाटाला ते नेहमीच मिटतात. त्यांच्या प्रत्येक ओळखपत्रावर ते झोपलेले आहेत. आईच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, जे रोज साठ जणांना सुई टोचताना "काही होत नाही हं" म्हणायच्या सवयीने तिथेच राहून गेलं होतं. काकूंची हनुवटी, पोस्टमास्तरांचं अर्धं वाक्य. आणि उजवीकडे, पावणेतेरा किलोंच्या आकारात, त्याची जशीच्या तशी प्रत. पापणीच्या सुरकुतीसकट. अकरा फोटो, अकरा वेळा बिनचूक. कुणाला दाखवण्यासाठी नाही, गंमत म्हणून नाही. दाखवलं तसं करायचं, एवढंच तिने ठरवलेलं होतं, आणि ते ती करत होती.

बाबांनी आयुष्यभर वजनं तपासली होती. वजन चुकत नसेल आणि तरी मोजणी चुकत असेल तर दोष कुठे शोधायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते मागे सरकून खुर्चीवर बसले. स्टुलाखाली ठमी स्वतःच्या बुटाचा बंद सोडत होती. इतके दिवस आपल्या घरात काय राहतंय याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आता प्रश्न ठमीचा उरला नव्हता. डोळे उघडे, तोंड बंद, हसू नाही, रडू नाही असा चेहरा करू शकणारं एक मोठं माणूस हवं होतं, आणि ते सापडेना. बाबांनी आरशापुढे सराव केला, तरी ऐनवेळी पापण्या पडायच्याच. शेवटी गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, बाविसाव्या फोटोनंतर, फोटोवाले स्वतःच स्टुलावर जाऊन बसले. ते मुद्दाम बसले नव्हते, त्यांना बसावंसं वाटलं. तीन आठवड्यांत त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू, राग, आशा सगळं वापरून संपलं होतं. आईने पुढे होऊन बटण दाबलं. ते उतरले, ठमी चढली, आईने पुन्हा दाबलं, आणि फोटो आला. नऊ नियमांचा, जसा पत्रकात छापला होता तसा.

फोटोवाल्यांनी तो छापून आणला. काकूंनी डोळे पुसले. आणि बाबांनी खिशातून मिलिमीटरचे दशांशही मोजणारा व्हर्नियर काढला.

इथे बाबांची बाजू सांगितली पाहिजे. मोजायची वस्तू हातात आली आणि मोजली नाही, असं त्यांच्या हातून तेवीस वर्षांत झालेलं नव्हतं. चेहरा एकतीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर भरला. त्यांनी पुन्हा मोजला. एकतीस पूर्णांक चार.

"सहा दशांश," फोटोवाले म्हणाले. "मोठा करून छापतो की."

"नियम आठ. फेरफार नको."

मोठं करणं म्हणजे फेरफार कसा, असं फोटोवाल्यांनी विचारलं. बाबा म्हणाले की माल कमी भरला तर दुकानदाराला तो पाण्यात भिजवून जड करता येत नाही. फोटोवाले त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी संगणकावरचं फोटो पुसायचं बटण दाबलं, पडदा रिकामा झाला, आणि उद्यापासून दुकान सुट्टीसाठी बंद असल्याचं त्यांनी भिंतीला सांगितलं. छापलेला फोटो दरम्यान ठमीने ताब्यात घेतला होता आणि त्याचा एक कोपरा चघळून संपवला होता. तिला परत बसायला सांगितलं तर ती म्हणाली, "झालं." तिच्या हिशेबी काम पुरं झालं होतं, आणि त्यात चूक नव्हती.

तिघं घरी आली. दार उघडताना आईने एकच विचारलं.

"तुमच्या आईंना काय सांगणार आहात? सहा दशांश?"

शुक्रवारी तिघं फोटोशिवाय पासपोर्ट कार्यालयात गेले. रांग दारापर्यंत होती. तीन नंबरच्या खिडकीत एक बाई बसत. सव्वीस वर्षांत त्यांनी खिडकीतून कुणाला "या" म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी अर्ज उलटला, सुलटला, रिकाम्या चौकटीवर पेन टेकवून ठेवलं. बाबांनी सगळं खरं सांगितलं. त्यांना दुसरं येत नाही.

"तुम्ही मोजला?" बाईंनी विचारलं.

"हो. दोनदा."

"आम्ही मोजत नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही बघतो."

बाबांनी खिडकीच्या कठड्याला धरलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही, ही तिची मोठीच मेहेरबानी होती.

अशा अडलेल्या अर्जांसाठी आतल्या खोलीत कॅमेरा आहे, बाईंनी सांगितलं. एका अर्जाला तीन प्रयत्न, आणि स्टुलावर कुणीही बसलं की यंत्र थोड्या वेळाने आपणहून फोटो काढतं. तीन झाले की यंत्र तो अर्ज बंद करतं, मग सुट्ट्यांनंतर नवीन अर्ज. आतल्या खोलीत स्टूल होतं, मागे पांढरी भिंत. दार उघडंच होतं आणि रांग आत डोकावत होती. ठमीने स्टूल बघितलं, भिंत बघितली, मग बोट वर केलं. बोट आईबाबांवर थांबलं नाही. ते बाईंवर थांबलं.

"आधी तू."

बाई म्हणाल्या, तशी तरतूद नाही. ठमीने बोट खाली घेतलं नाही. बाईंनी वडिलांना बसायला सुचवलं. "माझे डोळे मिटतात," बाबा म्हणाले, कमी वजन सापडलेला दुकानदार ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात. मग आईने थोडक्यात आणि नीट समजावून सांगितलं: ही जे बघेल तेच करेल, त्यात तसूभरही फरक करणार नाही, म्हणून जे हवं ते तिला आधी दिसलं पाहिजे. बाईंनी घड्याळ बघितलं. रांगेतल्या चाळीस माणसांकडे बघितलं. ठमीच्या बोटाकडे बघितलं. ते जराही हललेलं नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बाई खिडकीच्या या बाजूला येऊन बसल्या.

मागून कुणीतरी खुसखुसलं. बाईंना कसंतरी झालं आणि त्या हसल्या. यंत्राने आवाज केला. पहिला प्रयत्न.

हसू छान होतं. रांगेतल्या कित्येकांना ते असू शकतं हे माहीत नव्हतं. पण ठमी तेच हसू चेहऱ्यावर घेऊन स्टुलाकडे निघाली होती. बाबा मध्ये आडवे झाले. आता जे बोलायचं होतं ते बोलायला बाजारातली चारशे दुकानं तपासण्यापेक्षा जास्त धैर्य लागत होतं.

"बाई, पुन्हा बसावं लागेल," ते म्हणाले. "तुम्ही हसलात. खिडकीत बसता तशा बसा."

खोली गार झाली. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघताच, काहीही न करता, तो चेहरा त्यांच्या चेहऱ्यावर आला. डोळे उघडे, तोंड बंद, हसू नाही, रडू नाही, मान सरळ. रांग आपोआप सरळ झाली. यंत्राने पुन्हा आवाज केला. दुसरा प्रयत्न.

एकच उरला होता. आईने बाबांची बाही धरली. ठमीने मदतीचा हात नाकारला, आधी पोट, मग गुडघा असं करत स्टुलावर चढली, वळली, फ्रॉक सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले. मग तिचा चेहरा हळूहळू स्थिर होत गेला. उत्तम तराजूचा काटा थोडा इकडे, थोडा तिकडे करत मध्यावर येतो आणि थांबतो, तेव्हा बाबा अजूनही श्वास धरतात. त्यांनी तो धरला. रांगेतल्या चाळीस माणसांनीही धरला असावा, कारण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. तीन वर्षांची एक मुलगी सव्वीस वर्षांच्या नोकरीचा चेहरा लावून समोर बघत होती, आणि आतून ती पूर्णपणे ठमीच होती. यंत्राने आवाज केला.

बाईंनी पडद्यावर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "मला निवृत्त व्हायला दोन वर्षं आहेत. तोवर हिला मोठी करा."

पासपोर्ट निघायच्या दोन दिवस आधी आला. विमानात पट्टा आधी हवाई सुंदरीला बांधून घ्यावा लागला आणि बाकीचे बाराशे मैल शांततेत गेले. वाढदिवसाच्या सकाळी ते ताईच्या दारात उभे होते.

आजी खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. ठमीच्या पावलांचा आवाज ऐकून तिने मान एका बाजूला, भिंतीकडे वळवली. समोर बघितलं तर तिला ठिपका दिसतो. डोळ्यांच्या कडेने बघितलं तरच माणूस दिसतं. ठमीला हे पटलं नाही. आपल्याला बघायला बोलावणाऱ्या माणसाने भिंतीकडे का बघावं. ती चालत भिंतीपाशी गेली आणि आजीच्या नजरेसमोर उभी राहिली. आजीला लगेच ती दिसेनाशी झाली. तिने मान दुसरीकडे वळवली. ठमी तिकडे गेली. आजीने पुन्हा मान फिरवली. अशी खुर्चीभोवती दीड चक्कर झाली. दोघींपैकी कुणीही माघार घ्यायला तयार नव्हतं.

बाबा समजावून सांगायला पुढे झाले. आईने त्यांना दंडाला धरून थांबवलं.

ठमी थांबली. तिने थोडा विचार केला. मग आधी पोट, मग गुडघा असं करत ती आजीच्या मांडीवर चढली, दोन्ही तळव्यांत तिचा चेहरा धरला, सरळ आपल्याकडे वळवला आणि आपलं नाक तिच्या नाकाला टेकवून धरलं. इतक्या जवळून चांगल्या डोळ्यांनाही काही दिसत नाही. आजीच्या डोळ्यांत तर नेमक्या त्याच जागी काही उरलेलं नव्हतं. बाबांना हे सगळं माहीत होतं. सामान खांद्यावर तसंच ठेवून ते दारात उभे होते.

आजीने नातीचे हात सोडवले नाहीत. मान फिरवली नाही.

"दिसली," ती म्हणाली. मग ताईकडे, बाबांकडे, जिकडे कुणी असेल तिकडे म्हणाली, "सगळी दिसली."

ठमीने तळवे काढले नाहीत.

"अजून बघ," ती म्हणाली.

आजी बघत राहिली.